बुधवारी सकाळी, ओळखी वाढवायला

आमच्या ग्रुपचं काही सांगायला बसलो की बायको म्हणते, "हे तुम्ही रचून सांगता." अहो, रचायला वेळ कुठे आहे? एक धक्का ओसरायच्या आत पुढचा बुधवार उजाडतो!

नागपुरातले आम्ही काही छोटे धंदेवाले दर बुधवारी सकाळी धरमपेठेतल्या एका हॉलमध्ये जमतो. तर्री-पोहे खायचे, ग्रुपातल्या केकवाल्या बाईंचा केक चाखायचा, मिनिटभर उभं राहून आपला धंदा सांगायचा आणि एकमेकांना गिऱ्हाईक मिळवून द्यायचं. याला नेटवर्किंग म्हणतात. नियम एकच कडक: एका धंद्याचा एकच माणूस. माझा धंदा पेस्ट कंट्रोलचा.

पहिल्याच दिवशी माझं मिनिट आलं. घरी आरशासमोर पाठ केलं होतं सगळं. पण समोर एवढे सूट-बूट बघून डोकं रिकामं झालं आणि मी ठणकावून बोललो, "उंदीर, झुरळं, ढेकूण, वाळवी... एक फोन करा, सगळं घरपोच!"

मी घाम पुसत खाली बसलो. शेजारी केटरिंगवाले मेश्रामभाऊ. त्यांनी आपली पोह्यांची प्लेट हळूच माझ्यापासून लांब सरकवली आणि कानात बोलले, "भाऊ, सॅम्पल नका आणू फक्त."

*

सोलर पॅनलवाला दीपक मुलगी बघायला मौद्याला गेला. पुढच्या बुधवारी पेढे घेऊन हजर!

"जमलं!" म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट. लग्नाचे मंडप घालणाऱ्या नंदाताईंनी तिथल्या तिथे तारीख विचारली. मेश्रामभाऊ मेनू सांगायला लागले.

"अरे थांबा ना," दीपक म्हणाला. "लग्न नाही जमलं. पोरीनं नकार दिला. तिच्या बाबानं सोलर लावून घेतलं!"

आमचे पेढे तोंडातच राहिले. नंदाताईंनी विचारलं, "अन् पोरगी काहून नाही म्हणाली?"

"म्हणाली, आल्यापासून तुम्ही माझ्याकडे एकदा पण नाही पाहिलं. नुसते छताकडेच पाहून राहिले!"

*

आमच्यातल्या एका फर्निचरवाल्याने मेश्रामभाऊंना बाजूला घेतलं. "भाऊ, जेवणाची ऑर्डर आहे. तेरवीची."

भाऊंनी चेहरा गंभीर केला. "कोण गेलं?"

"सासरे. म्हणजे, गेले नाही अजून. आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणते, काही सांगता येत नाही. म्हटलं, ऑर्डर बाहेर काहून जाऊ द्यायची? ग्रुपातच राहू दे!"

भाऊंच्या हातातला चमचा खाली पडला.

सासरे ठणठणीत होऊन घरी आले. पण ही गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच. एके दिवशी भाऊंचा फोन वाजला. "मी त्या फर्निचरवाल्याचा सासरा बोलून राहिलो. जावयानं माझ्या तेरवीचं जेवण तुम्हाले सांगितलं होतं म्हणते?"

भाऊंची बोबडी वळली. "हो... नाही... म्हणजे, ते कॅन्सल केलं काका."

"कॅन्सल काहून? करा ना! मी पण जेवतो. फक्त जावयाले बोलावू नका!"

*

नंदाताईंचा एक कट्टर स्पर्धक होता, तोही मंडपवाला. त्याला ग्रुपात यायचं होतं. ताईंनी नियमावर बोट ठेवून त्याला दारातूनच परतवून लावलं.

मग पारशिवनीला एका लग्नाच्या दिवशी, सकाळी सकाळी असं वादळ आलं की ताईंचा अख्खा मंडप शेतात जाऊन पडला. ताईंनी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. त्यात शब्द कमी, रडणंच जास्त. नवरदेवाकडचे निघाले होते आणि इथे उभा एक खांब नव्हता!

आम्ही काही जण गाडी काढून पोहोचलो, तर सामानाने भरलेला एक ट्रक आमच्या आधीच उभा. आणि त्यातून उतरत होता तोच स्पर्धक! "ताई, कुठून सुरू करू?"

ताई बघतच राहिल्या. "तुले कोणं सांगितलं गा? तू तर ग्रुपात नाहीस!"

"मी नाही. माझी बायको आहे ना! तुम्ही दर बुधवारी जिचा केक खाता, ते कोण?"

लग्न वेळेवर लागलं. ताई मात्र संध्याकाळपर्यंत खुर्चीवर बसून एकच वाक्य म्हणत होत्या, "ते याची बायको? ते याची बायको?"

*

आणि आमचे मोहोडकाका! साठी उलटलेले, स्वच्छ पांढरा शर्ट. आपलं मिनिट कधी वापरायचे नाहीत. "माझा वेळ या पोराले द्या," म्हणून बसून जायचे. पण ओळखी? कुणाला काय पाहिजे ते ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन थेट हव्या त्या माणसासमोर उभं करायचे. माझा धंदा बंद पडायला आला होता, तेव्हा याच काकांनी मला उमरेडच्या एका गोदामवाल्याकडे नेऊन बसवलं. आज माझं घर त्या कामावर चालतं.

वर्षाच्या शेवटी सगळ्यात जास्त ओळखी करून दिल्याबद्दल काकांचाच सत्कार ठरला. आमचे अध्यक्ष वानखेडे साहेब माइकवर म्हणाले, "काका, आज तरी तुमचा बिझनेस सांगा!"

काका गोंधळले. "बिझनेस? माझा कायचा बिझनेस? मी तर रिटायर माणूस."

साहेबांनी विचारलं, "मग तुम्ही इथे आले कसे?"

"समोरच्या दवाखान्यात दात दाखवाले आलो होतो. तुम्हीच दारात हात धरला, आत बसवलं, पोहे दिले. फी मागितली, भरली. मले वाटलं, डॉक्टरचीच असन!"

साहेब मटकन खुर्चीत बसले. शेवटी मीच विचारलं, "काका, मग दाताचं काय झालं?"

"दात? दुखूनच राहिला ना बाबू! डॉक्टर बुधवारीच बसते, अन् बुधवारी आपली मीटिंग!"