कोरडा पेपर

डिशवॉशरचा सांडपाण्याचा पाइप चिरला, तेव्हा मी घरात जाहीर करून टाकलं, "माणूस बोलवायचा नाही. मीच बदलणार." नवा पाइप यायला आठ दिवस लागले. तोवर भांडी हातानंच धुवावी लागली. माझी बायको वासंती घासायची आणि मी विसळायचो.

आज मशीन ओढून बाहेर काढलं. जुना पाइप सोडवला, नवा बसवला, क्लिप घट्ट आवळली. थेंब पडला तर लगेच दिसावा म्हणून वासंतीनं खाली कालचा पेपर अंथरला. मशीन चालू केलं आणि आम्ही दोघं चहाचे कप घेऊन जमिनीवरच बसलो, त्या पेपरकडे डोळे लावून. पाणी घरघरत आलं, घरघरत गेलं. पेपर कोरडाच राहिला.

"जमलं की हो तुम्हाला!" ती म्हणाली.

मला स्वतःचं केवढं कौतुक वाटलं! आणि लगेच थोडं चुकल्याचुकल्यासारखंही झालं. आठ दिवसांत सिंकपाशी किती बोललो होतो आम्ही! समोरासमोर बसलं की आम्हाला विषय सुचत नाही. हात ओले असले, नजर ताटावर असली, की ते आपोआप निघतात. शाळेत असताना तिनं नाटकात राक्षसाचं काम केलं होतं, हे मला या वयात, कढई विसळताना कळलं.

रिकामे कप मी मशीनवर ठेवले, पुढच्या खेपेला आत लावू म्हणून. वासंतीनं ते उचलले.

"दोन कपांसाठी कशाला मशीन?" म्हणत तिनं नळ सोडला आणि जरा सरकून माझ्यापुरती जागा केली.