माझा उजवा पाय मेला!

माझा उजवा पाय मेला आहे, ही बातमी मला एका रविवारी सकाळी पोहे खाताना मिळाली.

बातमी देणारी माझीच मुलगी, रेवती. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. त्या आठवड्यात तिने रबरी डोक्याची छोटी हातोडी आणली होती आणि इंदिरानगरच्या आमच्या घरात तिला माझ्याइतकं रिकामं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं.

"बाबा, पाय लोंबता ठेवा. गुडघ्याच्या वाटीखाली मारलं की पाय आपोआप उडतो."

टक्! पाय ढिम्म. पुन्हा टक्! तरी ढिम्म.

"अगं, नीट मार ना!" सुनंदा, म्हणजे आमची सौ., स्वयंपाकघरातून ओरडली. (एरवी ती माझ्या बाजूने बोलते.)

"नीटच मारतेय! आई, तू बस बरं."

टक्! सुनंदाची सपात थेट टीव्हीवर! मग निफाडहून आलेल्या माझ्या सासूबाई पुढे सरसावल्या. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. "ए पोरी, माझ्या गुडघ्यावर हान!" टक्! पाय असा उडाला, की माझी पोह्यांची बशी सोफ्याखाली गेली.

"लय जीव हाय अजून!" सासूबाईंनी स्वतःलाच शाबासकी दिली आणि मग तिघी माझ्या पायाकडे बघू लागल्या.

रेवतीने पुस्तक उघडलं. "प्रतिसाद न आल्यास मज्जातंतू किंवा मणक्यातील..." एवढं वाचून तिने पुस्तक मिटलं.

"पुढे काय लिहिलंय?"

"काही नाही. बाबा, तुम्हाला चहा करू?"

मी हादरलो! एकोणीस वर्षांत या मुलीने मला आपणहून चहा विचारला नव्हता. त्याच क्षणी पायाला मुंग्या आल्या. मग तो गार पडला. मग तो आहे की नाही, तेच कळेना!

"सुनंदा," मी क्षीण आवाजात म्हणालो, "विम्याचे कागद निळ्या फाइलमध्ये आहेत."

"अहो, गप्प बसा!" म्हणता म्हणता तिने फाइल काढून बघितलीच.

सासूबाईंनी लसणाचं तेल तापवून माझ्या पायाला चोपडलं. मला दवाखान्यात न्यायचं ठरलं, तर लिफ्ट बंद! शेवटी वॉचमन आणि शेजारच्या दोघांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि मी सगळ्यांना हात जोडत होतो. (निरोप घ्यायचा राहून गेला असं नको!)

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. चाकांच्या स्टुलावर बसून ते माझ्या पायापाशी सरकले. लसणाचा वास येताच जरा मागे झाले, पुन्हा पुढे आले.

"दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि जोरात ओढा. इकडे बघू नका. त्या कॅलेंडरवर एकादशी कधी आहे सांगा."

मी एकादशी शोधायला लागलो आणि... टक्!

पाय सुटला! डॉक्टरांच्या छातीत बसला! डॉक्टर स्टुलासकट मागे घरंगळत वजनकाट्यावर आदळले. काटा थरथरला, रेवतीने टाळ्या पिटल्या आणि सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जावईबापूंनी डॉक्टरला लाथ घातली!" सासूबाई आनंदाने ओरडल्या. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले.

"डॉक्टर, जिवंत आहे का हो?" मी विचारलं.

"पाय की मी?" छाती चोळत ते म्हणाले. "दोघंही ठणठणीत! घरी तुम्ही पाय आवळून धरला असणार. माणूस घाबरला की पाय सैल सोडत नाही."

"मी? घाबरलो?"

"डॉक्टर," रेवती हळूच म्हणाली, "मी मारताना बाबांनी डोळे गच्च मिटले होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत."

मी ताडकन उठलो आणि टाकोटाक घरी चालत आलो. तीन जिनेसुद्धा चढलो.

वर पोचलो तोवर सासूबाईंनी फोनवरून अख्खं निफाड जागं केलं होतं. "एका लाथंत आडवा केला डॉक्टर! आपला जावई साधा माणूस नाय!" तेव्हापासून सासरी गेलो की मेहुणे उठून खुर्ची देतात आणि समोर बसताना जरा अंतर राखून बसतात. लग्नाला बावीस वर्षं झाली. सासरी माझं पहिल्यांदाच नाव झालं, आणि तेही आयुष्यातल्या एकमेव पराक्रमामुळे, जो मी मुद्दाम केलाच नव्हता!