सरळ केसांची पथ्यं

धामणकर नाक्याजवळ माझं पार्लर आहे. बायका खुर्चीत बसल्या की केसांबरोबर जीभही मोकळी सोडतात, त्यामुळे किस्से शोधायला मला कुठे जावं लागत नाही. केस स्ट्रेट करणाऱ्यांचे तर खास! तीन दिवस पाणी नाही, तेल नाही, केस बांधायचे नाहीत, एवढंच तर सांगते. पण ऐकतंय कोण?

*

नारपोलीच्या शबानाने लग्नाच्या आदल्या दिवशी केस करून घेतले. जाता जाता दारात थांबली.

"दीदी, बिदाई में रोना तो पड़ेगा. आँसू बालों पे गिरे तो?"

"सामने देख के रो!" मी म्हटलं. सगळं पार्लर हसलं.

नंतर तिची बहीण सांगत होती, पोरगी खरंच मान ताठ धरून रडली. अब्बूंच्या खांद्यावर डोकं ठेवायचं तेवढं राहून गेलं.

*

एका सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी सुनेच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल चोपडलं. सून रडत आली, मागोमाग सासूबाई. माझं डोकंच फिरलं. "अहो, तेल नाही म्हणून बजावलं होतं ना!"

"माझी आई लहानपणीच गेली," सासूबाई म्हणाल्या. "मला कधी कुणी लावलं नाही. म्हटलं, हिला तरी लावावं."

सुनेने डोळे पुसले आणि सासूबाईंना बसायला खुर्ची दिली.

*

दिघाशीची सुजाता गोदामात पॅकिंगला जाते. केस असे कुरळे की माझे दोन कंगवे तिच्यापायी मोडले. उन्हाळ्यात भावाच्या लग्नासाठी तिने ते सरळ करून घेतले.

तिच्या आईची नजर शुगरने गेलेली, ऐकूही फार कमी यायचं, अलीकडे विसरायचीही. माणूस ओळखायची ती डोक्यावरून हात फिरवून. लग्नात सुजाताच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोनाची गो पोर तू?"

"आये, मी सुजाता!" ही ओरडली.

"सुजाता व्हय? ती यंल आता. तू बस."

नंतर पार्लरमध्ये तिच्याकडून हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. सुजाताही हसली.

*

गणपतीनंतर आईने अंथरूण धरलं. सुजाता काम सोडून उशाशी बसली. भरवायची, अंग पुसायची. आणि आई तिलाच विचारायची, "सुजाता कवा येनार?"

एक दिवस ती माझ्याकडे आली. "ताई, परत कुरळे करा."

"अगं, सरळ केलेले केस मागे फिरत नाहीत. वरून दुसरं केमिकल घातलं तर तुटून हातात येतील. मुळापासून नवे येतायत ना? वर्षभर दम धर, खालून थोडे थोडे कापत जाऊ."

"डॉक्टर बोलले, आता घरीच ठेवा."

मुळाशी तीन बोटं कुरळे आले होते. त्याखालची कमरेपर्यंतची सगळी लांबी मी कापली. रडू मला आलं, तिला नाही.

*

आई गेल्यावर महिन्याभराने सुजाता आली, तेव्हा तिनेच सांगितलं.

केस कापले त्या दिवशी घरी जाऊन तिने आईचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. आईने कुरळ्यांत बोटं घातली ती बराच वेळ काढेचना.

"आयलीस गो सुजे!" आई म्हणाली. "तू न्हवतीस ना, तवा एक पोर बसाची माझ्याजवल. जाम केलंन तिनं माझं. माझी हिरवी साडी दे तिला, आन आता घरी जाऊ दे. तिची आय वाट बघत असंल."