अकरावं बटण

भाऊजींना संघात सगळे फळामास्तर म्हणत. हुद्दा मोठा, राष्ट्रीय फुटबॉल संघाचे दुय्यम प्रशिक्षक. पण एकोणीस वर्षं त्यांनी केलं काय, तर पत्र्याचा फळा काखेत मारून मुख्य प्रशिक्षकाच्या मागे चालले. मी त्यांचा मेहुणा आणि संघाच्या बसचा ड्रायव्हर. नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली, तेव्हा माझं बोलणं घरच्या माणसाचं समजून ऐका.

सामन्याच्या सकाळी मास्तरांनी फळ्यावर चुंबकाच्या चकत्या मांडायच्या आणि साहेबांनी बघायच्या, असा रिवाज होता. एकोणीस वर्षांत सहा साहेब झाले. सगळ्यांना हरायची एवढी धास्ती, की पाच माणसं मागे, चार मध्ये आणि पुढे एकटा जीव. दर वेळी भाऊजी हळूच म्हणत, "साहेब, पुढे चार ठेवून बघू या का?" साहेब म्हणत, "बघू." ते 'बघू' ऐकून ऐकून माणूस वाकला. परतताना ते पहिल्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसत आणि मला आरशात त्यांचे पांढरे होत गेलेले केस दिसत. शून्य-शून्य, नाहीतर शून्य-एक. आमचा इतिहास एवढाच.

त्यांचं राज्य घरी, जेवणाच्या टेबलावर. ताई शिवणकाम करते. तिच्या डब्यातली कोटाची तपकिरी बटणं घेऊन ते रोज संध्याकाळी आपला संघ मांडत. "हे बघ, इथून पास दे. माणूस मोकळा. तिथून दे. तरी मोकळा." आणि खरंच, कुठूनही दिला तरी कोणीतरी मोकळा असायचाच. आकडे विचारले की चिडत. "पाच-चार-एक, हे साहेबांचे पाढे. मी माणसं बघतो." मी मान डोलवायचो. मला काय कळतंय, मी बस चालवतो.

मग मुख्य साहेबांचं पित्ताशय बिघडलं आणि सामन्याच्या आदल्या दिवशी ते दवाखान्यात आडवे झाले. चिटणीसांचा फोन आला, "मास्तर, उद्या तुम्हीच सांभाळा." मोठ्या स्पर्धेत जायचं तर उद्या जिंकायलाच हवं होतं, बरोबरी चालणार नव्हती. आणि भाऊजी महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. म्हणजे त्यांच्या हातात आलेला पहिला सामना, तोच शेवटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस घेऊन त्यांना न्यायला गेलो. टेबलावर बटणं मांडलेली होती, शेजारी फळा. मागच्या रांगेपासून सुरुवात करून ते एकेक बटण उचलत आणि फळ्यावर त्या जागी चकती लावत. चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दहावी चकती लागली. टेबलावर पुढच्या फळीतलं एक बटण उरलं.

"चकती हरवली," भाऊजी म्हणाले.

आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. मग मी बसमध्ये जाऊन सीटखाली हात घालून आलो. त्यांनी फळ्याची पिशवी उलटी करून झटकली. दोघंही घामाघूम.

ताई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अहो, गोलमध्ये कोण उभं राहणार?"

फळ्यावरची गोलकीपरची चकती सारखी पडते म्हणून कुणीतरी कधीकाळी ती डिंकाने चिकटवून टाकली होती. तिला मास्तरांचा कधी हातच लागत नसे. फळ्यावर ते उरलेले दहा मांडत. आणि घरी, एकोणीस वर्षं, गोलकीपर सोडून अकरा. भाऊजींनी त्या चिकटलेल्या चकतीकडे पाहिलं, मग बटणाकडे. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

"म्हणून सापडायचा मोकळा," ते म्हणाले आणि मटकन खुर्चीत बसले.

"मग जुनंच मांडा," मी म्हटलं. "पाच मागे. हरलो तरी तुम्हाला कोणी बोलणार नाही."

"त्या पाचांचाच कंटाळा आलाय रे." ते उठले. मागच्या डाव्या कोपऱ्यातली चकती काढली आणि पुढे, चौथ्या जागी लावली.

दुपारी पोरं फळ्याकडे बघतच राहिली. कप्तान म्हणाला, "मास्तर, नक्की?" ते म्हणाले, "नक्की." बाराव्या मिनिटाला आम्ही गोल केला. मध्यंतरानंतर दुसरा. एका सामन्यात आमचे दोन गोल! मी बस सोडून कुंपणाला लटकलो होतो, गळ्याला कोरड पडेपर्यंत ओरडत होतो. पण समोरच्यांनीही दोन केले, आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचा एक गडी आमच्या डाव्या कोपऱ्यातून सुसाट आला. अडवायला तिथे कोणी नव्हतंच. दोन-तीन.

"मागे एक माणूस कमी पडला, मास्तर," चिटणीस म्हणाले.

"हो," भाऊजी म्हणाले. "मला एक जास्त लागतो."

घरी येऊन ते बूटसुद्धा न काढता आतल्या खोलीत आडवे झाले. मी ताईला विचारलं, "तुला एवढ्या पटकन कसं कळलं?"

"बटणं मोजण्यात जन्म गेला माझा. पहिल्याच महिन्यात कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"संध्याकाळी यायचे ते असे, आत्ता आलेत तसे. डबा उघडला की तासभर बोलायचे, हसायचे. एवढाच वेळ मला नवरा मिळायचा. तो मी एका बटणापायी घालवू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊजी सवयीने टेबलापाशी बसले. एक बटण गोलमध्ये ठेवलं, मग मोजून दहा. सरकवली, परत मागे घेतली. "नाही सापडत मोकळा," म्हणाले आणि बटणं भरायला डबा पुढे ओढला.

ताईने त्यांच्या हाताखालून डब्यात बोटं घातली, एक बटण काढलं आणि मधोमध ठेवलं. "असू दे," ती म्हणाली. "इथे कोण शिट्टी मारतंय?"

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच तिच्या बटणाकडे पास दिला.