माझे मार्क

कॉलेजातला कारकून मला माझेच मार्क दाखवीना. रजिस्टर त्याच्या कोपराखाली, मी समोर उभी, आणि हा म्हणतो, "पालकांना टपालानं कळवू. दुसऱ्या कुणाला दाखवायचे नाहीत, असा नियम आहे." म्हटलं, अहो, पेपर मी लिहिलेत की माझ्या वडिलांनी? मेला हसलासुद्धा नाही.

नियम मुंबईत ठीक होता. आमच्या गावी, चौलात, इंग्रजी कागद आला की तो देवळाच्या ओट्यावर जायचा. इंग्रजी येणारे एकटे मास्तर. ते संध्याकाळी कागद मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे आणि अख्खी आळी ऐकायची. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. कुणाचा मुलगा मॅट्रिकला किती वेळा आपटला, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले आणि मागोमाग सहामाही परीक्षेचा लखोटा आला. गणिताचा पेपर पार बिघडला होता, आणि मोठे काका आधीच बजावून बसले होते, "एका विषयात जरी नापास झाली, तरी शिक्षण बंद. श्रीवर्धनचं स्थळ थांबलंय." बाबा थोरल्या भावाचा शब्द कधी मोडत नसत.

बाबा लखोटा घेऊन ओट्यावर गेले, काका त्यांच्या मागे. मी घरात भांडी आपटत बसले. पण दोघं लगेच परत आले. काका तणतणत होते. मास्तरांनी म्हणे कागद नुसता नजरेखालून घातला, घडी केली आणि बाबांच्या हातात ठेवला. "हे पोरीचं आहे. तिच्याकडून वाचून घ्या."

बाबांनी मला मागे सुपारीच्या वाडीत नेलं. "वाच."

आता खरं सांगते, "पास" अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना काय कळणार होतं? पण ते कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी वाचलं. गणितात नापास. आणि रडायलाच लागले.

बाबांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "पुढच्या वेळी पास होशील?"

"होईन."

काका पडवीत वाटच बघत होते. "काय लिवलंय?"

"मार्क तिचे हायत, दादा. तिला विचार," बाबा म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी चांगली ताठ उभी होते. त्यांनी काही विचारलं नाही.

उन्हाळ्यात मी गिरगावात मावशीकडे रेंगाळले आणि उशिरानं रेवसच्या बोटीनं घरी आले. देव्हाऱ्यापाशी वार्षिक परीक्षेचा लखोटा होता. आठ दिवसांपूर्वी आलेला, तसाच बंद. आई म्हणाली, बाबा रोज आंघोळ झाली की तो हातात घेतात, उलटासुलटा बघतात आणि परत ठेवतात.

"मास्तरांकडे नाही नेलात?"

"तुझा हाय," बाबा म्हणाले. "तू फोड."

घाईत लखोटा वेडावाकडा फाटला. पास! गणितातसुद्धा! मी सगळे मार्क वाचून दाखवले, आणि पडवीत बसलेल्या काकांना ऐकू जावेत इतक्या मोठ्यानं वाचले.