लिलावात न आलेला डबा

मुलुंडच्या आमच्या चर्चच्या मागच्या अंगणात एक नळ आहे. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर मी त्या अंगणाची किल्ली मागून घेतली. आसपासच्या सोसायट्यांचा कचरा वेगळा करणाऱ्या बायकांना हात धुवायलाही कुणी पाणी देत नव्हतं. रोज दुपारी सात-आठ जणी यायच्या, हातपाय धुऊन सावलीत जेवायच्या. मला सिस्टर म्हणायच्या. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले हे मी जन्मभर ऐकत आले होते. मला निदान नळ तरी सोडता येत होता.

शेजारच्या सोसायटीला ते खुपलं. चार पुरुष फाटकाशी येऊन, इथे धर्मांतर चालतं म्हणून तावातावाने भांडले. पोलीस चौकशीला आले. तेव्हा माझ्या बाजूने उभी राहिली ती माझी मैत्रीण, चर्चच्या कमिटीची सेक्रेटरी. "पाणी दिलं तर गुन्हा होतो का हो साहेब?" असं तिने ठणकावून विचारलं. आम्ही दोघी घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलो. दोघींचे आजोबा एकाच गावच्या गावकुसाबाहेरचे, चारचौघांच्या पंगतीत बसता यावं म्हणून ख्रिस्ती झालेले. तिच्या भरवशावर मी निर्धास्त होते.

हंगामाच्या सणाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायला, आमच्याकडे जो तो घरचं काहीतरी आणतो आणि उपासनेनंतर चर्चच्या मदतीसाठी त्याचा लिलाव होतो. एका पपईसाठीही माणसं इरेला पेटतात. मीच त्या बायकांना म्हटलं, तुम्हीही या. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी बाई नको नको म्हणत होती. तरी पहाटे उठून तिने पुरणपोळ्या केल्या, नव्या कोऱ्या स्टीलच्या डब्यात भरून आणल्या आणि नवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसली.

लिलाव पुकारायला मैत्रीणच उभी होती. केक गेला, कोंबडी गेली, भोपळा गेला. डबा तिने उचलला, एकवार आमच्याकडे बघितलं आणि टेबलाखाली सरकवला. मला वाटलं, शेवटी काढेल. मी ओरडायला हवं होतं. पण वाट बघता बघता शेवटची प्रार्थना झालीसुद्धा.

मी तिला गाठलं. "डबा राहिला गं."

"मुद्दाम ठेवला. कुणी बोली लावली नसती तर तिचीच शोभा झाली असती ना!"

"मग तू लावायचीस!"

म्हातारी माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. वाकून तिने डबा काढला, उघडला आणि एक पोळी मैत्रिणीपुढे धरली. "ताई, तुमी तरी चाखा."

"अहो, मला शुगर आहे ना," मैत्रीण गोड हसून म्हणाली. तिच्या डाव्या हातातल्या बशीत अर्धा खाल्लेला केक होता.

मला तिथेच रडू फुटलं. इतकी वर्षं जिला बहीण मानलं तिने मला तोंडघशी पाडलं होतं, आणि मी बोलावून आणलेल्या बाईला माझ्यादेखत हलकं लेखलं होतं. म्हातारीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी कशापायी रडताय, सिस्टर? सोसायटीतल्या बायकाबी आमाला असंच गोड बोलून नाय म्हनत्यात."

त्यानंतर त्यांच्यातली एकही त्या अंगणात आली नाही. फाटकाशी भांडून त्या चार पुरुषांना जे जमलं नव्हतं, ते माझ्या मैत्रिणीने हसतहसत केलं.