कमलबाईंचे अर्धे घर

माझी तिन्ही मुले कमलबाईंच्या हातावर जन्मली. धुळ्याच्या ज्या सूतिकागृहात त्या नर्स होत्या, तिथे त्यांचा शब्द डॉक्टरीणबाईंच्याही वर चाले. थोरल्याच्या वेळी मी घाबरून ओरडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ओरडा वहिनी, ओरडायला पैसे पडत नाहीत. माझा हात तेवढा सोडा, मला तो लागणार आहे."

त्या मूळच्या धरणगावच्या. लग्न होऊन दोन वर्षांत नवरा गेला आणि सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडले. भाऊ मगन याने त्यांना नर्सिंगला घातले. पुढे वडील वारले, तेव्हा मगनने एक कागद समोर धरला. बहिणीने शेताघरावरचा हक्क सोडला, असा तो कागद. कमलबाईंनी वाचला नाही, सही केली. त्या दिवशी मगनने त्यांना नवे लुगडे नेसवले. "भाऊने शिकवलं, मी सही दिली. फिटंफाट," असे त्या सांगत. मीही माझ्या भावाला अशीच सही दिलेली आहे. आमच्याकडे त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

सूतिकागृहाच्या मागे नोकरांसाठी खोल्या होत्या, त्यांतल्या एका खोलीत त्या राहत. अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली की ती सोडायची. मगनच्या घरी जाऊन भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे नाहीत, एवढे त्यांचे पक्के होते. म्हणून घर हवे होते. मोठे नको. दोन खोल्या, थोडे अंगण, आतून लावता येईल अशी कडी.

एकोणीसशे सहासष्ट साली लीलाधरने घर विकायला काढले. कापसाच्या जिनिंगमधला कारकून, गोड बोलणारा, सायकलवरून उतरून रामराम करणारा. वडिलांच्या मागे सूतिकागृहाजवळच्या गल्लीतले जुने घर त्याच्याकडे आले होते, आणि त्याला नदीपलीकडे देवपुरात प्लॉट घेऊन नवे बांधायचे होते. त्याची नि कमलबाईंची ओळख जुनी. त्याची बहीण ताईबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. टांगा यायला उशीर झाला, तेव्हा कमलबाई पळत गेल्या आणि मागच्या खोलीतच बाळ काढले. तेव्हापासून लीलाधर त्यांना अक्का म्हणू लागला. भाऊबीजेला त्या त्याला ओवाळत.

कमलबाईंनी ते घर कसे पाहिले, ते मी स्वतः पाहिले आहे. घराला मातीचे सपाट धाबे होते. पदर खोचून त्या शिडीने वर चढल्या, लीलाधरला खालून पाण्याच्या बादल्या द्यायला लावल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात ओतल्या. मग खाली येऊन, कुठे गळते का ते पाहत, छताकडे डोळे लावून अर्धा तास बसल्या.

"अक्का, घर पाहता की पोर पोटात आडवं आहे का ते पाहता?" लीलाधर हसत म्हणाला.

"पोर आडवं असलं तर मला वळवता येतं, भाऊ. भिंत आडवी झाली तर नाही वळवता येत."

त्यांनी शेजाऱ्यांना सांडपाणी कुठे जाते ते विचारले. घरपट्टीच्या पाच वर्षांच्या पावत्या मागितल्या. वडिलांनी घर कुठे गहाण टाकले होते का, याची चौकशी केली. एक जुने गहाण निघाले, ते लीलाधरने फेडल्याचा कागद हातात आल्यावरच इसार दिला. साडेसहा हजारांना सौदा ठरला. मला वाटले, इतक्या काळजीने तर माझे यजमानसुद्धा घर घेणार नाहीत.

खरेदीखताचा मसुदा त्या माझ्याकडे घेऊन आल्या. "तुम्ही कॉलेज शिकलेल्या. वाचा आणि मला साध्या भाषेत सांगा."

मी वाचले. चतुःसीमा बरोबर होत्या, रक्कम बरोबर होती. शेवटी एक वाक्य होते: सदर मिळकतीस माझ्याशिवाय अन्य कोणी वारस नाही, कोणी हरकत घेतल्यास तिचे निवारण मी स्वखर्चाने करीन. मी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "हे तर फारच चांगले, जबाबदारी त्याने अंगावर घेतली आहे."

ज्या बाईने ताईबाईचे बाळंतपण त्याच घरात केले, तिने ते वाक्य ऐकले. मीही ताईबाईला पाहिलेले होते, तिच्या बाळाला टोपडे दिले होते. आम्हां दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आले नाही. ताईबाई यावलला दिलेली होती. दिलेली मुलगी म्हणजे घरातून गेलेली, असे आमच्या बोलण्यात इतके मुरले आहे की वारस या शब्दात ती आम्हाला दिसलीच नाही. बी. ए. ला मी राज्यशास्त्र घेतले होते.

पाच वर्षे कमलबाई त्या घरात सुखाने राहिल्या. खोली सोडायची मुदत यायच्या आधीच त्यांनी ती सोडून दिली. गळू नये म्हणून धाब्यावर नवी खारी माती टाकली, मागे मोरी बांधली. एकाहत्तर साली, निवृत्तीला आठ महिने उरले असताना, वकिलाची नोटीस आली. वडिलांच्या मिळकतीत ताईबाईंचा निम्मा हिस्सा असून तो विकण्याचा भावाला अधिकार नव्हता.

आम्ही एका वकिलाकडे गेलो. त्यांनी वडील कधी वारले ते विचारले. कमलबाई म्हणाल्या, एकसष्ट साली. घर वडिलांनी स्वतः घेतलेले? हो.

"मग छप्पनच्या वारसा कायद्याने मुलगी मुलाइतकीच वारस. तिची सही का घेतली नाही?"

कमलबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

"लीलाधरवर दावा लावता येईल," वकील म्हणाले. "खोटे लिहून दिले आहे. पण सात-आठ वर्षे धरा. तोवर ती बाई अर्ध्या घरात राहायला आली तर तिला हाकलता येणार नाही."

कमलबाई तिथून उठल्या त्या थेट लीलाधरच्या नव्या घरी. मी बरोबर होते. त्याने पाट मांडला, चहा केला आणि हळहळला. "मी काय करू अक्का? नवऱ्याने भरवलं असेल तिला. बहीण माझीसुद्धा राहिली नाही." त्याचे डोळे भरून आले. आम्ही दोघींनी त्याचेच सांत्वन केले.

मग आम्ही यावलला गेलो, जळगावला बस बदलून. ताईबाई केळीच्या बागेत मजुरीला गेली होती, निरोप मिळताच पळत आली. हाताला केळीचा चीक, काळा पडलेला.

"अक्का, तू उनी! बस ना, बस." तिला इतका आनंद झाला की कमलबाईंना पिशवीतून नोटीस काढायला वेळ लागला.

"हाई तू धाडी?" नोटीस पुढे धरत कमलबाईंनी विचारले.

"भाऊ सांगे अंगठा दे, मी दिना."

"कोणता भाऊ?"

"माले एकच भाऊ शे ना, अक्का."

लांबवर कोणी पंप सुरू केला होता, त्याचा आवाज येत होता. कमलबाई हळूच म्हणाल्या, "तुले देयेल शे, मी असं समजनू."

ताईबाईचा चेहरा बदलला. "देयेल शे, पन मरेल नई शे. त्या टायमाले माले कोनी इचारं का?"

परतीच्या बसमध्ये कमलबाई म्हणाल्या, "खरं बोलली ती." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मलासुद्धा कुणी विचारलं नव्हतं. मी लुगडं नेसून आले." आपल्या हिश्शाचे विचारायला त्या धरणगावला मगनकडे एकदा जाऊन आल्या. त्याने त्यांना त्यांचीच सही दाखवली.

शेवटी ताईबाईचा हिस्सा मोकळा करून घ्यायला त्यांनी फंडातून चार हजार काढले. म्हातारपणासाठी ठेवलेली जवळजवळ सगळी रक्कम. रजिस्टर कचेरीत ताईबाईने हक्कसोडीवर अंगठा दिला. कारकुनाने विचारले, राजीखुशीने ना? तिने मान हलवली. पैसे पदरात बांधले आणि ती बाहेर आली.

कडुनिंबाखाली लीलाधर सायकल धरून उभा होता. ताईबाईने पदराची गाठ सोडली आणि बांधलेली रक्कम तशीच त्याच्या हातात दिली. मोजलीसुद्धा नाही.

"तुझे पैसे होते ना ग ते?" मी न राहवून विचारले.

"मंग आखाजीले कोठे येऊ, बाई?" ती म्हणाली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींनी माहेरी यायचा सण. तिला त्यात समजावण्यासारखे काही वाटत नव्हते.

लीलाधर आमच्याकडे वळला. "अक्का, मनात ठेवू नका. आता घर सगळं, बठ्ठं तुमचं."

"पहिले बी बठ्ठंच घेयेल व्हतं, भाऊ," कमलबाई म्हणाल्या. त्यानंतर त्याला त्यांनी ओवाळले नाही.

निवृत्तीनंतर पुढची खोली त्यांनी एका शिक्षकाला भाड्याने दिली. म्हणजे घर पुन्हा अर्धेच राहिले. साठीला आल्या तरी त्या घरोघर बाळंतिणींना न्हाऊ घालायला जात. माझी लेक जळगावला घर पाहते आहे, तिला मी पत्रात दर वेळी एकच विचारते, मालकाला बहिणी किती? ती चिडते. भिंती चांगल्या आहेत, असे लिहिते.

हक्कसोडीनंतरच्या पहिल्याच आखाजीला मी कमलबाईंकडे गेले होते. ऊन मी म्हणत होते. दारात ताईबाई उभी होती, डोक्यावर गाठोडे, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, याच घरात जन्मलेली. लीलाधर घराला कुलूप लावून बायकोच्या माहेरी गेला होता. निरोप ठेवला नव्हता.

कमलबाईंनी तांब्याभर पाणी आणले. मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. ओट्यावर सतरंजी टाकली, दोघींना खापरावरची पुरणपोळी वाढली आणि स्वतः उंबरठ्यात बसून राहिल्या. मुलीने आत डोकावून पाहिले. मला वाटले, आता म्हणतील, आत ये.

त्या म्हणाल्या नाहीत. ऊन उतरल्यावर दोघींना घेऊन त्या स्टँडवर गेल्या, तिकिटाचे पैसे दिले, बस हलेपर्यंत थांबल्या. परत आल्या आणि मला म्हणाल्या, "चार वेळा तोंडात आलं, वहिनी. पण नाही निघालं."